शिट्टीच्या जागी गिटार

गेल्या यात्रेत नाथाआप्पांचं जे हसं झालं, ते त्यांच्या स्वतःच्या लेकीपायी झालं, आणि हे गुंजवण्याच्या वरच्या धनगरवाड्यात शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

बिरोबापुढं गजी नाचताना मधे ढोल आणि भोवती रुमाल घेतलेल्या गड्यांचं रिंगण असतं. चाल बदलायची वेळ आली की नाथाआप्पा ढोल वाजवता वाजवता दातातली शिट्टी फुंकायचे आणि अख्खं रिंगण उलटं फिरायचं. गेल्या वर्षी प्रांजल हट्टाला पेटली, शिट्टी नको, खूण मी गिटारवर देणार. भोरच्या कॉलेजात गिटारवर बक्षिसं मिळवलेली एकुलती पोर, आप्पा पाघळले. तिनं खूण दिली. ती अलीकडच्या गड्यांना ऐकू गेली, पलीकडच्यांना नाही. अर्धं रिंगण इकडं, अर्धं तिकडं, आणि मधोमध पलीकडच्या गड्यांतला गेनू तोंडावर आपटलेला. लोक पोट धरून हसले.

यंदा आप्पांनी एवढंच सांगितलं, "आनखी एक डाव देतो. पलीकडं पोचलं न्हाई, तर गिटार घरी वाजीव. रिंगणात न्हाई."

प्रांजलला हे फार लागलं. बक्षिसं गेली खड्ड्यात, तिला आप्पांच्या ढोलाशेजारी उभं राहून वाजवायचं होतं.

तिचा ॲम्प्लिफायर पिटुकला होता, दोष त्याचाच असं तिनं धरलं. भोरच्या बँकेतल्या, हौसेनं गिटार वाजवणाऱ्या रघुवीर सरांकडं जुन्या व्हॉल्व्हचं दणकट हेड होतं. हेड म्हणजे ॲम्प्लिफायरचं डोकं. ताकद, बटणं सगळं त्या पेटीत, आणि ती खालच्या स्पीकरला जोडायची. सर द्यायला तयार झाले, पण स्वतः सोबत येण्याच्या अटीवर. टेम्पोत ती पेटी त्यांनी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली.

"माझ्या हॉलमध्ये लावलं की खिडक्या थरथरतात," सर वाटेत म्हणाले.

"सर, आमच्याकडं खिडक्या नाहीत. उघडा डोंगर आहे," प्रांजल म्हणाली. म्हणूनच तिला हेड यात्रेआधी तालमीतच पारखून घ्यायचं होतं.

देवळापुढच्या पटांगणात ढोल जमले, जनरेटर सुरू झाला. सोजराआत्या शेळ्या घेऊन पार पलीकडच्या बांधावर होती. गिटार ऐकू आली की तिनं काठी वर करायची. सरांनी आपल्या हातानं बटणं लावली, बास म्हणजे जाड आवाज भरपूर, आवाज खरखरीत करणारा गेनही भरपूर. प्रांजलनं खूण वाजवली. जमीन हादरली, काठी लगेच वर गेली. सरांची छाती फुगली.

"आप्पा, आता ढोल धरा," प्रांजल म्हणाली.

ढोल सुरू झाले. तिनं पुन्हा वाजवली. काठी हलली नाही. आवाज वाढवला, आणखी वाढवला. एक करडू घाबरून पळालं, काठी मात्र जमिनीवरच. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी खिशातली शिट्टी काढून दातात धरली, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात बांधावरून आत्याची हाक आली, "नाऽऽथाऽऽ, जेवाया चल!" बारीक, नाकातून ताणलेली, पण दणदणाटातही आप्पांनी मान वर केली. आणि प्रांजलच्या डोक्यात प्रकाश पडला. जाड आवाज ढोलांचाच होता. तिथं गिटार घुसवून ती आपल्याच बापाशी झोंबी घेत होती. तिनं बास जवळजवळ बंद केला, गेन निम्म्यावर आणला आणि आत्याच्या हाकेसारखा नाकातला आवाज देणारं मधल्या सुरांचं बटण टोकाला नेलं.

चहात मीठ पडल्यासारखं सरांचं तोंड झालं. "अगं, हा काय आवाज? पत्र्यासारखा!"

"एकट्यानं वाजवायचा नाही ना, सर. ढोलांबरोबर ऐका."

ढोल पुन्हा घुमले. तिनं खूण वाजवली. काठी वर गेली, वर नुसती गेली नाही, आत्या ती गरागरा फिरवायला लागली. सरांना राहवेना. ते धावत बांधापर्यंत गेले आणि धापा टाकत परत आले. "तिथं तर सुरेख लागतोय गं!"

आप्पांनी शिट्टी काही दातातून काढली नाही.

यात्रेला रिंगण दुप्पट मोठं झालं. पलीकडच्या गड्यांची प्रांजलकडं पाठ होती, गेनूचीही. गुलाल, दणदणाट, माणसांचा कालवा. आप्पांनी मानेनं इशारा केला आणि तिनं खूण दिली.

सगळ्यात आधी गेनूचा रुमाल वळला. तव्यावरची भाकरी उलटावी तसं अख्खं रिंगण एका दमात फिरलं. लोकांनी ओरडून रान डोक्यावर घेतलं. दुसरी खूण, पुन्हा साफ. तिसऱ्या खुणेला आप्पांनी शिट्टी तोंडातून थुंकून टाकली. ती गळ्यातल्या दोरीला लटकत छातीवर नाचायला लागली.

"आप्पा, फुडची कवा देऊ?" प्रांजल ओरडली.

"मला नगं इचारू!" आप्पा तिच्याहून मोठ्यानं ओरडले. "तुझ्या मनाला यील तवा फिरीव!"

प्रांजलचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते. इतका आनंद तिला आजवर कुठल्याच बक्षिसानं दिला नव्हता. तिनं मनाला येईल तेव्हा खूण दिली, आणि रिंगणाबरोबर ढोलासकट नाथाआप्पाही फिरले.