ब्लॅक सॅबथच्या बाजूने

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर वर्षी एक जाहीर वाद रंगायचा आणि बहुतेक वेळा पत्रा कारखान्यातल्या फोरमनचा थोरला भाऊच जिंकायचा. दादा शाळेत संगीत शिकवायचा. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. यंदाचा विषय होता, इंग्लंडचा सगळ्यात थोर बँड कोणता आणि सगळ्यात खोल छाप कोणी सोडली. म्हणजे दादाला आयतंच मैदान मिळालं. गेली तीस वर्षं तो जेवताना, चालताना, दाढी करतानासुद्धा बीटल्सचीच बाजू लढवत आला होता.

वक्त्यांच्या यादीत दुसरं नाव औषध दुकानदाराचं होतं, पिंक फ्लॉइडसाठी. तिसरं नाव वाचून फोरमन दचकला. ते त्याच्या मुलीचं होतं. बँड : ब्लॅक सॅबथ.

"काकासमोर उभी राहणार?" त्याने घरी विचारलं.

"का? काका काय वाघ आहे?"

"राहा उभी. पण माझं नाव त्यात आणायचं नाही. माझ्या हाताचं भांडवल नको."

"शब्द दिला, बाबा."

बावीस वर्षांपूर्वी पत्रा कापायच्या प्रेसमध्ये फोरमनच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. तेव्हापासून चारचौघांत तो हात खिशातच असायचा. घरी मात्र तो गिटार वाजवायचा, दार लावून. हे बायको आणि मुलगी सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. दादालाही नाही.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. औषधवाला फ्लॉइडच्या आवाजाच्या करामतींवर इतकं लांबण लावून बोलला, की पुढच्या रांगेतले दोघे पेंगायला लागले. मग दादा उठला. चार पोरांनी आठ-दहा वर्षांत गाणं लिहायची, रेकॉर्ड करायची रीतच कशी पालटून टाकली, हे त्याने असं रंगवून सांगितलं, की टाळ्या थांबेनात.

मुलगी उठली. सॅबथची पोरं कारखान्यांच्या गावातली, तिने सांगितलं. त्यांच्या गिटारवाल्याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात कापली गेली, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. तारा पातळ घातल्या, पुढे सूर खाली उतरवला. त्या जड, खालच्या सुरातून हेवी मेटल हा संगीतप्रकार उभा राहिला.

दादा हसला. "जिद्दीची गोष्ट छान आहे गं. पण आपण प्रभावाबद्दल बोलतोय. माणसं हेडफोन लावून मुंडकं हलवतात, याला प्रभाव म्हणायचं? या बँडमुळे ज्याचं आयुष्य बदललं, असा एक तरी माणूस दाखव."

हॉलमध्ये हशा पिकला. उत्तर मुलीच्या जिभेच्या टोकावर होतं. तिसऱ्या रांगेतल्या बापाकडे तिने एकदाच पाहिलं, मग नजर कागदावर वळवली. "माझं एवढंच," ती म्हणाली आणि बसायला वळली.

फोरमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हरेन पण शब्द मोडणार नाही, ही पोरगी आपली! दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. आपण बांधलेल्या दोरीने तिचे हात जखडले होते. तो उठला.

"दादा, मी दाखवतो."

त्याने डावा हात वर धरला.

"बोटं गेल्यावर मी गिटार माळ्यावर टाकली होती. वर्षभर तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग त्या गिटारवाल्याबद्दल वाचलं. शाम्पूची बाटली वितळवून तशीच टोपणं केली. पहिल्या चार जोड्या फुटल्या, पाचवी टिकली. आज एकवीस वर्षं वाजवतोय."

दादा उभाच राहिला. "एकवीस वर्षं? आणि मला नाही सांगितलंस?"

"तू बीटल्सच वाजवायला लावलं असतंस."

या वेळी हसू सगळ्यात मोठं दादाचंच होतं. डोळे मात्र त्याने दोनदा पुसले.

मतं मोजली. बीटल्स एकोणचाळीस, सॅबथ छत्तीस, फ्लॉइड अकरा. मुलीचा चेहरा पडला. "तीन मतांनी गेलं, बाबा."

"बीटल्सच्या अगदी नाकापर्यंत नेलंस सॅबथला! आणि काकाची बोलती बंद केलीस, ते वेगळंच."

"ती तुम्ही केलीत."

"मी नुसता हात वर केला. बाजू तू लढलीस."

जिन्यात एका बाईने त्याला थांबवलं. ती शिवणकारखान्यात कामाला होती. पूर्वी व्हायोलिन वाजवायची, मशीनमध्ये बोट गेल्यापासून सोडलं होतं. "ती टोपणं कशी करायची, सांगाल?" तिने संकोचत विचारलं.

फोरमन तिथेच पायरीवर बसला. दोन्ही हात पुढे धरून तो सांगू लागला, प्लास्टिक किती तापवायचं, चामडं कुठलं घ्यायचं. मुलीने भाषणाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तो सांगेल तसं टोपणाचं चित्र काढायला घेतलं.