काचेची नळी

माझी बायको पेशींमधल्या चरबीवर काम करते असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. मीही हसून घेतो. हल्ली मात्र त्याच चरबीने आमच्या तोंडचं पाणी पळवलंय.

पेशीचं आवरण चरबीचं असतं, हे तिनेच मला समजावलं. बाहेरून निरोप आला की त्यातली एक ठरावीक चरबी फुटते आणि निरोप आत पोचवते. आमच्या लेकीच्या स्नायूंत निरोप दारापर्यंत येतो आणि तिथेच अडतो. ही चरबी कमी असल्याचं दिसलं, तरच डॉक्टर नवं औषध देणार होते. कमी नसताना दिलं तर हृदय बंद पडू शकतं. तपासायला स्नायूचा एकच तुकडा मिळाला होता. दुसऱ्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागेल आणि ती आता लेकीला सोसणार नाही.

बायकोने त्या तुकड्याला कुणाला हात लावू दिला नाही. काल यंत्राने आकडा दिला, शून्य. मी नाचायचाच बाकी होतो. ती खुर्चीत बसून राहिली.

ही चरबी प्लास्टिकला चिकटते, म्हणून काचेचीच नळी घ्यायची, हे ती नव्या लोकांना ओरडून शिकवते. पण त्या दिवशी तिच्या हातात लेकीचा तो एकच तुकडा होता. काच फुटली तर सगळंच संपलं, या धास्तीने तिने प्लास्टिकची नळी उचलली. तुकडा तपासणीतच संपला आणि ती नळी केव्हाच कचऱ्याच्या भट्टीत गेली. आता हे शून्य लेकीचं की नळीचं, ते कुणीच सांगू शकत नाही.

आज सकाळी स्वयंपाकघरात मी तिला वाट्टेल ते बोललो. शून्य तर शून्य, कळवून टाक, नाहीतरी पोर डोळ्यांदेखत चाललीच आहे. तिने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.

"तो आकडा धरू नका," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

डॉक्टर म्हणाले की मग औषध देता येणार नाही. तिने फोन ओट्यावर ठेवला. मला तिचा इतका राग आला की तिच्याकडे बघवेना. पण फोन मीही हिसकावून घेतला नव्हता.

आतून लेकीने हाक मारली. तिला आता स्वतःहून कूस बदलता येत नाही. मी तिच्या पाठीखाली हात घातला.

"बाबा, आईचं काम झालं?"

"झालं," मी म्हणालो, आणि तिचं तोंड भिंतीकडे राहील अशी उशी लावली.