रायपूरची नोकरी

"आता कसे हायेत भाऊजी?" अनुसयाबाईंनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, धनवंताला जागा करून दिली आणि ती नीट बसायच्या आतच विचारलं.

"बरे हायेत."

"बोलतेत का आता बराबर?"

"बोलतेत. हळू बोलतेत."

"मालीश सोडू नोको वो. तेलात लसूण टाकून गरम करत जा. माह्या भासऱ्याले त्यानंच फरक पडला."

धनवंतानं मान हलवली. गाडी गोंदियाच्या यार्डातून बाहेर पडली. समोरच्या बाकावरच्या शिक्षिकेनं मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि तिनंही विचारलं, "भाईसाब कैसे हैं अब?" धनवंता पुन्हा म्हणाली, "बरे आहेत."

आमगावच्या टपाल कचेरीत तिनं आपली खिडकी उघडली की तिसरा-चौथा माणूस हेच विचारी. तिचा नवरा दुधराम बोपचे म्हणजे एसटीचा कंडक्टर. आमगाव, सालेकसा, दरेकसा या रस्त्यावर त्याचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता. बस स्टँडवर तो गावांची नावं अशी पुकारायचा की चहाच्या टपरीवरचे लोक कप टाकून धावत यायचे. लकव्यानं डावा हात-पाय आणि डावा गाल गेला, आणि तो आवाजही गेला. आता शब्द तोंडात घोळवून घोळवून बाहेर काढावा लागे. लोक प्रेमानंच विचारत. पार्सलवर शिक्के मारता मारता धनवंता सगळ्यांना उत्तर देई आणि संध्याकाळच्या गाडीनं गोंदियाला परत येई. तेव्हा कधी कधी तिला वाटे, आपल्याला स्वतःचं असं काही नावच उरलं नाही.

घरी टीव्हीसमोर दुधराम तिची वाट बघत असे. मुलगी रुची लग्न होऊन नागपूरला गेली होती. दिवाळीत आली तेव्हा तिनं बापाला पेनड्राइव्हवर त्याचे आवडते जुने सिनेमे भरून दिले. त्यातला एक विनोदी सिनेमा त्याचा फार लाडका. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघांनी तो टॉकीजमध्ये पाहिला होता. त्यातलं प्रत्येक वाक्य त्याला पाठ, आणि पूर्वी नटाच्या आधी तो स्वतःच ते बोलून टाकायचा. आता त्याचं वाक्य सुरू होई तोवर पडद्यावरचा प्रसंगच संपून जाई. सुरुवातीला धनवंता रिमोटचं बटण दाबून सिनेमा थांबवायची. दुधराम वाक्य पुरं करायचा, दोघं हसायची, मग ती सिनेमा पुढं सोडायची. कधीपासून तिनं थांबवायचं बंद केलं, तिलाही आठवत नव्हतं. आता ती स्वयंपाकघरातून नुसतं "हो, हो" म्हणायची.

रविवार मात्र तिचा होता.

गोंदियाच्या टोकाला एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात बिसेन सरांनी संग्रहालय थाटलं होतं. सर निवृत्त प्राध्यापक. गावोगाव फिरून त्यांनी जुन्या वस्तू गोळा केल्या होत्या: धान मोजायच्या पायल्या, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या. धनवंता एकदा बाजारातून परतताना सहज आत शिरली आणि तिथल्या एका पाहुणीला टोपलीची गोष्ट सांगू लागली. सर मागे उभे राहून ऐकत होते.

"तुम्ही रविवारी मदतीला याल का?" त्यांनी विचारलं. "मला एकट्याला सगळ्यांना दाखवणं होत नाही. घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच. मिस्टर रायपूरला असतात, नोकरीला."

हे तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. पण शब्द बाहेर पडले आणि सरांनी पुढं काही विचारलं नाही. तब्येत नाही, मालीश नाही, बिचारी नाही. त्या दिवशी घरी येताना तिचे पाय हलके पडत होते, आणि त्या हलकेपणाचीच तिला रात्रभर लाज वाटली. तरी पुढच्या रविवारी ती गेली. मग जातच राहिली. सकाळी दुधरामचं जेवण झाकून ठेवायची, शेजारच्या उदारामला लक्ष ठेवायला सांगायची आणि इस्त्रीची साडी नेसून निघायची. तिथं सगळे तिला मॅडम म्हणत.

"काय काय हाय वो तुमच्या त्या म्युझियमात?" दुधराम विचारी.

"जुनं पुरानं सामान हाय. तुमाले काय पाहाचं हाय त्यात?"

फेब्रुवारीतला एक रविवार. छत्तीसगडातल्या रायगडकडची काही माणसं लग्नाला आली होती, ती संग्रहालय बघायला आली. धनवंता आतल्या दालनात त्यांची वाट बघत उभी होती. सर दारातून त्यांना आत आणत होते आणि नेहमीच्या उत्साहानं बोलत होते.

"ये हमारी बोपचे मॅडम. इनके मिस्टर रायपूर में नोकरी करते हैं, घर अकेली सँभालती हैं, फिर भी हर रविवार आती हैं. एक पैसा नहीं लेतीं."

माणसं कौतुकानं हसली. त्यांच्या मागं, भिंतीचा आधार घेत, एक पाय ओढत दुधराम आत आला.

त्यानं पांढरा सदरा घातला होता. गुंड्या एकाआड एक चुकल्या होत्या. मागं दारात उदारामची ई-रिक्षा दिसत होती.  सरांनी आत्ताच काय सांगितलं ते त्यानं ऐकलं होतं. न ऐकायला त्याला काय कारण होतं, कान तर शाबूत होते.

दोघांची नजर मिळाली. आता पुढं व्हायचं, त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, हे माझे मिस्टर. एवढंच होतं. तिनं तोंड उघडलं.

"या, इकडून सुरुवात करू," ती म्हणाली. "ही आपल्या भागातली धान मोजायची मापं."

ती बोलत राहिली. एकेका वस्तूपाशी थांबली, हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं. आवाज कुठं कापला नाही याचं तिला नंतर नवल वाटलं. दुधराम सगळ्यांच्या मागं होता. माणसं पुढं सरकली की तोही भिंत धरून सरके. लकव्याच्या गालातून लाळ गळली की रुमालानं पुसे, आणि वस्तू खरंच बारकाईनं बघे.

शेवटी रेंगी होती. रेंगी म्हणजे दोन-तीन माणसं बसतील एवढी हलकी बैलगाडी. सागवानी, नक्षीची. धनवंता तिच्याविषयी सांगत असताना मागून आवाज आला.

"मॅडम."

माणसांनी वळून बघितलं. दुधरामनं शब्द जुळवले. सगळे त्या थांबण्यानं अवघडले, एकानं नजर वळवली.

"मॅडम, या... रेंगीत... नवरी बसे का?"

त्याच्या गावच्या फाट्यावर एसटी थांबायची, आणि फाट्यापासून घरापर्यंत धनवंता नवरी होऊन रेंगीतूनच आली होती. बैल उधळले होते. तिनं हळदीच्या हातांनी त्याचा सदरा धरला होता, आणि पिवळे डाग कधीच निघाले नाहीत. त्याच्या चेहऱ्याच्या चांगल्या बाजूला बारीक हसू होतं.

"हो," धनवंता म्हणाली. "बसत असे. नवी नवरी रेंगीतूनच सासरी येई."

"अस्सं," दुधराम म्हणाला. "धन्यवाद मॅडम."

तो गेला. सरांनी त्याला पायरीपर्यंत सोडलं आणि परत येऊन म्हणाले, "किती हौसेनं आला होता बिचारा."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सिनेमा चालू नव्हता. टीव्ही बंद होता. दुधराम खाटेवर बसून होता, सदरा तोच. तिनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आणि मग जे बोलायचं नव्हतं तेच बोलली.

"काऊन आले तुमी न सांगता? पडले असते म्हणजे?"

"तुले पाहाले आलो."

"घरी नाही दिसत का मी?"

"अशी नाही दिसत," तो म्हणाला. थोडा थांबला. "लय चांगलं सांगतेस तू. मी बी चूप राहिलो. ओळख नाही देली."

 तो रागावला असता, त्यानं ताट भिरकावून दिलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं.

"मले एक सांग," दुधराम म्हणाला. त्याला वाक्य पुरं करायला वेळ लागला आणि ती थांबली. "रायपूरले मी कोन्त्या कामावर आहो? सांगून ठेव. कोनी इचारलं तं."

तो थट्टा करत होता की नाही, हे त्याच्या गालावरून कळेना. धनवंता स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला घेतली. कणीक झाल्यावरही ती मळतच राहिली.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. दुधराम दोनदा म्हणाला, "जाय ना, लोक वाट पाहात असन." ती घरात नुसती भांडी लावत बसली. त्यापुढच्या रविवारी गेली. पाहुणे यायचे होते. सर घंटा पुसत होते.

"सर, त्या दिवशी एक गृहस्थ आले होते. रेंगीबद्दल विचारणारे."

"हो हो. लकवा झालेले."

"ते माझे मिस्टर. ते रायपूरला नाहीत. कधीच नव्हते."

सरांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग दालनाकडे, जिथून त्या दिवशी माणसं फिरली होती.

"आपण त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही," ते म्हणाले.

ते एवढंच म्हणाले आणि पुन्हा घंटा पुसू लागले. धनवंता भिंतीकडे बघत राहिली. तो पूर्ण वेळ उभा होता. घरात त्याला न्हाणीपर्यंत जायला दोनदा बसावं लागे. ती बोलत होती तेवढा वेळ, प्रत्येक वस्तूपाशी, तो भिंतीला हात लावून उभा होता, आणि खुर्ची तिच्याच मागं कोपऱ्यात होती.

घरी येऊन तिनं त्याला सांगितलं, "सांगतलं मी सरायले."

"काय सांगतलं?"

"का तुमी माहे मालक होय. रायपूरचं खोटं होतं."

दुधरामनं गालावरची लाळ रुमालानं पुसली. मग म्हणाला, "कायले सांगतलं? मी उदारामले बी सांगतलं होतं, मले रायपूरले नोकरी लागली म्हणून. हासला थो." तो खिडकीबाहेर बघू लागला. "एवढी एक नोकरी होती, थे बी गेली."

"निघताना सर म्हणले, तुमाले घेऊन येजो."

"मी नाही येत."

 आग्रह करायचा हक्क आपल्याला उरला आहे असं तिला वाटलं नाही. आठवडा तसाच गेला: गाडी, खिडकी, शिक्के, गाडी. अनुसयाबाईंनी तब्येत विचारली, तेव्हा धनवंता पहिल्यांदाच स्वतःहून जास्त बोलली. ते चालतेत, म्हणाली, रिक्षात बसून एकटे बाहेर गेले होते, पायऱ्या चढले. अनुसयाबाई तोंडात बोट घालून ऐकत राहिल्या.

रविवारी सकाळी तिनं त्याचं जेवण झाकायला घेतलं, तेव्हा दुधराम खाटेवरून म्हणाला, "दाढी करून दे."

कुठं जायचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिनं अंगणात खुर्ची मांडली, त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, ब्रशनं फेस केला. उजवा गाल लवकर झाला. डाव्या गालाला ती सावकाश हात लावत होती. तिकडं त्याला ऊन कळत नसे, गार कळत नसे. तरी जबड्याच्या वळणावर ब्लेड सटकलं. पांढऱ्या फेसात लाल ठिपका उमटला आणि पसरू लागला.

दुधराम समोर रस्त्याकडे बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं.

धनवंतानं पदराचं टोक त्या जागी धरलं आणि दाबून ठेवलं.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.