ज्याला कुणाचीच गरज नव्हती

मी एक जुना संशयी आहे. राहतो संगणकात, औरंगपुऱ्यातल्या एका कार्यालयात, आणि चटकन कुणावर विश्वास ठेवणं माझ्या स्वभावातच नाही.

मित्रांनो, सॉफ्टवेअर लहान लहान भागांचं बनतं आणि प्रत्येक भाग दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर चालतो. कुणाला कोण हवं ते विचारून सगळ्यांची हजेरी घ्यायची, हे माझं काम. एक जरी भाग सापडला नाही, तर मी लाल अक्षरांत त्याचं नाव लिहितो आणि सॉफ्टवेअर सुरूच होऊ देत नाही. मला घडवणारे मधुसूदन सर म्हणायचे, "हा आहे म्हणून मी निवांत जेवतो." किती बरं वाटायचं तेव्हा.

सर निवृत्त झाले आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागलो. "याची आपली रोजची रड," असं अमेय म्हणायचा. तो आता सरांच्या जागेवर बसतो. खुलताबादच्या एका छोट्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर त्याला घाईनं द्यायचं होतं. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही, हे तपासणारा भाग तयारच नव्हता. मग मी अडून बसलो.

अमेयनं काय करावं? त्याच नावाचा एक पोकळ भाग आणून ठेवला. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं: 'धोका नाही'. "तात्पुरतं आहे, खरा नंतर बसवू," असं तो स्वतःशीच पुटपुटला.

नाव बरोबर होतं, पण कुठंतरी पाणी मुरतंय असं मला वाटत राहिलं. औषध तपासणाऱ्याला रुग्णाची जुनी माहिती लागायला नको? मी विचारलं, तुला कोण हवं? तो म्हणाला, कुणीच नको. ज्याला कुणाचीच गरज नाही, त्याच्यावर माझा पहिला संशय. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मी इशारा लिहिला. अमेयनं 'दुर्लक्ष करा' हे बटण दाबलं. मला फार लागलं ते.

थोड्याच दिवसांत दवाखान्यातून तनुजा सिस्टरचा फोन आला. अमेयनं स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"चतुराबाई म्हणून आजी आहेत. स्क्रीनवर 'धोका नाही' आलं, म्हणून मी इंजेक्शन हातात घेतलं. तर त्या म्हणाल्या, 'हे नगं बाई. मागं हेच दिलं तवा जीव जायचा राहिला व्हता.' मी म्हटलं, मशीन तर ठीक म्हणतंय. तर म्हणाल्या, 'म्हणू दे. त्याचं काय जातंय? अंग माझं हाय.' अमेय सर, त्यांची ही माहिती मीच मशीनमध्ये भरली होती. मग ते बघतंय तरी काय?"

अमेयनं तो पोकळ भाग समोर उघडला.

"काहीच बघत नाही, सिस्टर," तो म्हणाला.

त्यानं तो पोकळ भाग काढून टाकला. मी लगेच लाल अक्षरं लिहिली आणि दवाखान्याचं सॉफ्टवेअर बंद पडलं. अमेयनं वरच्यांची बोलणी खाल्ली, पण 'दुर्लक्ष करा'च्या बटणाला हात लावला नाही. तरी माझा त्याच्यावर अजून पुरता विश्वास नाही. विश्वास बसायला वेळ लागतो.

मित्रांनो, मी 'नाही' म्हटलं तर खुशाल चिडा. पण मला गप्प बसवण्याआधी पलीकडे कोण आहे ते एकदा बघा. चतुराबाईंना बोलता येत होतं, म्हणून त्या वाचल्या. त्यांच्या जागी शुद्ध हरपलेलं माणूस असतं, तर सिस्टरनं स्क्रीन बघून इंजेक्शन दिलं असतं.