कान चिरलेल्या मेंढ्या

दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि सुगंधाबाईचा नवरा सोनाजी पिशवी भरून दारात बसला होता. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून अजिंठ्याकडची सगळी मेंढरं विकून महिन्यापूर्वी तो शहरात लेकाकडं आला खरा, पण त्याचा जीव काही रमेना. इथं काय चारू, भिंती? असं उठता-बसता म्हणायचा. आज चारच्या एसटीनं गावी परत जायचं त्यानं ठरवून टाकलं होतं. गावी होतं काय? कुलूप लावलेलं घर. दुखलं-खुपलं तर तांब्याभर पाणी कोण देणार? पण चाळीस वर्षांच्या संसारात सुगंधाबाईला एक पक्कं कळलं होतं. या माणसाला राहा म्हटलं की तो गेलाच म्हणून समजा.

म्हणून त्याला अडवायचं सोडून तिनं परात ओढली. मैदा, पिठीसाखर, डालडा, चिमूटभर वेलची. गरिबाच्या बिस्किटाला आणखी काय लागतं? नात ज्ञानेश्वरीनं बांगडीनं चंद्र पाडले, झाकणानं टिकल्या पाडल्या, आणि मग मेंढीच पाहिजे म्हणून हटून बसली. सुगंधाबाईनं तेलाच्या जुन्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून कशीबशी वाकवली. निघालं ते भलतंच ध्यान.

सोनाजीनं दारातून मान वळवली. "ही मेंढी हाय का डुक्कर?"

उठलाच तो. पक्कड घेऊन त्यानं पट्टीला पाठ दिली, मान दिली, कान दिला, आखूड शेपूट दिलं. साचा असा झाला की शेजारची तनुजा लगेच मागून घेऊन गेली आणि तिनंही ताटभर मेंढ्या पाडल्या. इकडं सोनाजी आपल्या ट्रेवर वाकून नखानं काहीतरी टोकरत बसला. बसू दे, तेवढाच वेळ जातोय, असं म्हणून सुगंधाबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही.

भाजायला शहागंजच्या बेकरीच्या भट्टीवर जायचं होतं. दिवाळीत अख्खी आळी तिथंच ट्रे नेते. स्टँडही त्याच बाजूला, म्हणून सोनाजी खांद्याला पिशवी अडकवून सुगंधाबाई आणि तनुजाबरोबर निघाला.

भट्टीवर ही गर्दी! भट्टीवाल्यानं दोन ट्रेमध्ये सारख्याच मेंढ्या बघितल्या, एकाच घरच्या असतील म्हणाला, आणि भाजून झाल्यावर सगळ्या एकाच कागदावर ओतल्या. झालं! निम्म्या-निम्म्या वाटून घ्या म्हणायचीही सोय नव्हती, कारण तनुजानं साजूक तूप घातलं होतं. ती रडकुंडीला आली. सुगंधाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनाजीनं पिशवी खाली ठेवली. एक बिस्कीट उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"आपल्या मेंढीचा डावा कान चिरलेला असतोय," तो म्हणाला. "बापापासूनची खूण हाय."

कळपात कळप मिसळला की निवडायची ती खूण! नखानं त्यानं आपल्या प्रत्येक मेंढीचा कान चिरून ठेवला होता. आता तो एकेक उचलून बाजूला करू लागला, आणि माणसं भोवती कोंडाळं करून बघत राहिली. एकही चुकलं नाही. भट्टीवाला म्हणाला, "चाचा, कमाल है." सोनाजी गालात हसला. महिनाभरात पहिल्यांदाच हसला, आणि सुगंधाबाईला भरून आलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. तिनं ते बघितलं आणि मान फिरवली.

डबा तिच्या हातात, पिशवी त्याच्या खांद्याला. सोनाजी स्टँडकडं वळलाच नाही. घराच्या वाटेवर बराच वेळ कुरकुरत चालला होता.

"नुसत्या माद्याच पाडल्या की आपण. कळपात मेंढा नको व्हय? शिंगांचा साचा लई अवघड असतोय, दोन-चार दिवस तरी जातील. पत्रा हाय का घरात?"

"लई हाय," सुगंधाबाई म्हणाली.

घरात पत्र्याचा तुकडाही उरला नव्हता. गोडेतेलाचा नवा डबा तेवढा काठोकाठ भरलेला होता. तेल कशाकशात ओतून ठेवायचं, याचा विचार करत ती झपाझप चालू लागली.