हाताने दिलेलं पाणी

अडतिसाव्या पावलाला मोजणीबाईंच्या लक्षात आलं की आपण हिरव्याकडे चाललो आहोत.

त्या थांबल्या नाहीत. मध्येच थांबलं की आकडा हुकतो आणि मग पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात. बांधावर उभी असलेली दहाबारा माणसं माना उंचावून त्यांच्या पावलांकडे बघत होती. कागदावर लांबीला बावन्न पावलं लिहिली होती, मग डावीकडे वळून एकोणीस. हे आकडे मुख्य कचेरीतून बंद पाकिटात येत आणि पाकीट शेतातच फोडायचं असा नियम होता. साठ-सत्तर शेतांच्या त्या पट्ट्यातून कोणत्या शेतातलं पीक मोजायचं हे मात्र महिनाभर आधी, चिठ्ठी काढून ठरे. या वर्षी चिठ्ठी निघाली होती पोस्टमनकाकांच्या शेताची.

पन्नास, एक्कावन्न, बावन्न. डावीकडे एकोणीस. त्यांनी खुंटी ठोकली, दोरी ताणली, चौरस आखला. चौरसाच्या आत छातीइतका मका उभा होता.

शरद संपत आला होता. पेरणीनंतर पावसाने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. सगळ्या पट्ट्यात मका गुडघ्यापर्यंत येऊन थांबला होता, पानं सुरळीसारखी वळून करपली होती. काकांच्या शेताचाही तीन चतुर्थांश भाग तसाच होता. फक्त घराच्या बाजूचा हा एक तुकडा तेवढा तगला होता आणि मोजणीबाईंची पावलं नेमकी त्यातच येऊन थांबली होती. चौरसातले दाणे ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरले, तर पट्टा दुष्काळी ठरणार, जनावरांसाठी चारा येणार. जास्त भरले, तर काही नाही.

बांधावरून काकांची वहिनी खाली उतरली. थोरल्या भावाची विधवा. तिच्या गोठ्यात नऊ जनावरं होती आणि त्यांच्या फासळ्या लांबूनही मोजता येत होत्या.

"बाई, दहा पावलं अलीकडे घ्या की," ती हळूच म्हणाली. "कागदाला काय कळतंय?"

"कागदाला नाही कळत, पण मला कळेल ना," मोजणीबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज कठोर नव्हता, पण पंचवीस वर्षं ज्याला त्याला हेच उत्तर देऊन तो गुळगुळीत झाला होता. वहिनी पुन्हा बांधावर चढली. तेवढ्यात दोन्ही हातांत एकेक बादली घेऊन काका घराकडून आले. त्यांना पाहून माणसं जराशी बाजूला सरली, जशी अनोळखी माणसाला वाट देतात तशी. काकांनी बादल्या चौरसाच्या बाहेर ठेवल्या आणि विचारलं, आज पाणी घालू की नको?

कापणी झाली. कणसं सोलली, दाणे सुटे केले, काट्याला पिशवी अडकवली. काटा रेषेच्या वर गेला. जरासा नाही, चांगलाच वर. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण निघून गेला. वहिनी जाताना दिराच्या अंगावरून गेली, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

महिन्याभरापूर्वी चिठ्ठी निघाली तेव्हा सगळे काकांकडे आले होते, हे मोजणीबाईंना नंतर काकांनीच सांगितलं. पाणी बंद करा, तुमच्या एका तुकड्यापायी सगळे मरू, असं म्हणाले. काका म्हणाले, उभं पीक डोळ्यांदेखत वाळवायला मला जमायचं नाही. त्या दिवसापासून वहिनीने बोलणं टाकलं. तिच्याकडून रोज दुपारी काकांसाठी जेवणाचं ताट यायचं, तेही बंद झालं.

"पाणी आणलंत कुठून एवढं?" मोजणीबाईंनी विचारलं.

आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं. शिवाय दारातल्या विहिरीत रात्रभरात गुडघाभर साठायचं ते. रोज सोळा खेपा. गाईचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग बाकीचं मक्याला. नोकरीत चाळीस वर्षं दारोदार चालले होते, बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून पाणी घालत सुटले, एवढंच. सांगताना ते अपराध्यासारखे हसले.

मोजणीबाई गावात परतल्या. टायरच्या दुकानावर एक खोली, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची आई गेल्यावर त्यांनी जिन्याखाली ठेवून दिली होती. या पट्ट्यात पंचवीस वर्षं त्या फिरत होत्या, पण कुणाच्या लग्नाला कधी गेल्या नव्हत्या. जिचा आकडा घरावर पडतो तिने कुणाच्या घरी जेवू नये, असा त्यांचा स्वतःचाच नियम. तो त्यांनी इतका पाळला की हळूहळू बोलावणीच बंद झाली. फॉर्म समोर ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. आकडा खरा होता. फॉर्म भरला की काम संपत होतं.

तरीही त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. नोकरीला लागल्या तेव्हाचं, कडा वळलेलं. दुपार उलटून गेल्यावर त्यांना हवं ते कलम सापडलं. मोजणीची शेतं दोन याद्यांत असतात, कोरडवाहू आणि बागायती. कोरडवाहू यादीतल्या शेताला बाहेरून पाणी दिल्याचं मालकाने लेखी दिलं, तर ते शेत यादीतून निघतं, आणि चिठ्ठीतलं पुढचं शेत घेतात. पाणी कशाने द्यायचं, मोटारीने की बादलीने, याबद्दल कलमात काही नव्हतं.

त्यांनी साहेबांना फोन केला. साहेबांनी कलम दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, चालेल, पण म्हाताऱ्याला नीट समजावून सांगा. एकदा बागायती झाला की चाऱ्याच्या यादीतून त्याचं नाव जाणार, तीन वर्षं. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकांच्या ओट्यावर बसल्या आणि सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. गाय गोठ्यात उभी होती, पुढ्यात मक्याची थोडी सुकी पानं होती. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आता मी बागायतदार," ते म्हणाले. "बायको असती तर पोट धरून हसली असती."

"घाई नाही काका. दोन दिवस विचार करा. नाही म्हणालात तरी तुमचं काही चुकलं असं होत नाही."

"वहिनीची नऊ आहेत, माझी एक." त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पेन खिशाला असायचंच. "आयुष्यभर लोकांच्या सह्या घेत फिरलो, बाई. कुठे करायची सांगा."

सही सावकाश, पूर्ण नावाची केली. कागद परत देताना म्हणाले, वहिनीला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटेल मी उपकार केला, आणि मग ती आयुष्यात माझ्याशी सरळ बोलायची नाही. मोजणीबाईंनी कबूल केलं.

पुढची चिठ्ठी टेकाडापलीकडच्या शेताची निघाली. तिथे चौरसात ओंजळभर दाणे निघाले, तेही निम्मे पोचट. पंधरा दिवसांत पट्टा दुष्काळी ठरला आणि चाऱ्याचे ट्रक आले. भाऱ्यांचं वाटप शाळेच्या पटांगणात झालं. मोजणीबाईंना यादीवर सही करायला बोलावलं होतं. वहिनी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आली, त्यांचे दोन्ही हात हातात धरले.

"शेवटी तुम्ही माणुसकी दाखवलीत, बाई. मला वाटलं होतं, तुमच्या छातीत तो काटाच आहे."

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी बसायला पेटी आणून दिली. पंचवीस वर्षांत कुणी एवढ्या आपुलकीने बोललं नव्हतं, आणि बोलत होते ते पहिला आकडा दाबल्याच्या, न केलेल्या लबाडीबद्दल. मोजणीबाईंच्या ओठांवर आलं होतं की मी पाऊलही सरकवलं नाही, यादीत कुणाचं नाव नाही ते बघा. पण शब्द दिलेला होता. त्यांनी हात सोडवून घेतले, सही केली आणि गर्दी मोडायच्या आत निघाल्या.

त्यानंतरच्या सुट्टीला त्या काही काम नसताना बसमध्ये बसल्या. कशाला चाललो आहोत हे त्यांनाही सांगता आलं नसतं. काकांचा गोठा रिकामा होता. गाय कुठे, म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, वहिनीकडे सोडून आलो. तिथे चारा आहे. मी नेऊन उभी केली. वहिनी काही बोलली नाही, पण दावं हातातून घेतलं. कशी आहे ते बांधावरून दिसतं.

शेत नांगरून झालं होतं. इतक्या कोरड्यात नांगरलं की मातीची दगडासारखी ढेकळं वर येतात, आणि ती फोडल्याशिवाय पुढची पेरणी होत नाही. काका लाकडी मोगरीने एकेक ढेकूळ फोडत होते. एवढं शेत एकट्याने कधी पुरं होणार, असं मोजणीबाईंनी विचारलं नाही. दुसरी मोगरी आहे का, एवढंच विचारलं.

होती. त्यांनी चपला बांधावर काढल्या, पदर खोचला आणि पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. दोघांच्या मध्ये सगळं शेत होतं. बोललेलं ऐकू आलं नसतं, आणि बोलण्यासारखं फार नव्हतंही. वाऱ्याबरोबर धूळ उडत होती. ढेकूळ फुटलं की दोघंही क्षणभर वाकून बघत, आत कुठे ओल आहे का. नसे. मग पुढचं घेत.