वहिनीची टेप आणि तापखाऊ बाबा

तापखाऊ बाबांनी रोग्याच्या कपाळाला तोंड लावलं, सुर्रकन हवा ओढली आणि भली मोठी ढेकर दिली. "गिळला!" हॉलभर टाळ्या पडल्या. मग रोग्याला पुडी मिळाली. ताप असो, दमा असो, खाज असो की गुडघे, बाबांकडे पुडी एकच, आणि आराम सगळ्यांना सारखाच!

"वहिनी, दाखवा टेप!" बाबा गरजले.

शिवणकाम करणारी ती गल्लीभराची वहिनी. तिच्या नवऱ्याच्या मांडीवर कॅन्सरची गाठ होती. डॉक्टरीणबाई त्या गाठीत कॅन्सर मारण्यासाठी तयार केलेला विषाणू टोचायच्या, आणि दर सुईनंतर नवरा तापाने फणफणायचा. ते न बघवून दिराने त्याला बाबांकडे आणलं. पुडीने ताप पळाला, गाठीभोवतीची सूज उतरली, भूक लागली, शर्टाची कॉलर आवळू लागली. वहिनीनेच हरखून गळ्याचं वाढलेलं माप साऱ्या गल्लीला सांगितलं. तेव्हापासून ती बाबांचा चालताबोलता पुरावा झाली होती.

"टेप खोटं बोलते का?"

"नाही," वहिनी म्हणाली. पण गाठ पुन्हा वाढत होती. दवाखान्यात तर तिने 'दुसरं काही देत नाही' असं ठोकून दिलं होतं. खरं सांगावं तर उपचार थांबतील, पुडी थांबवावी तर दीर म्हणेल, माझ्या भावाला तूच मारलंस. इकडे आड, तिकडे विहीर.

पुढच्या सुईच्या वेळी डॉक्टरीणबाई नवऱ्याऐवजी तिच्याकडेच बघत राहिल्या. "चेहरा तुमचाही सुजलाय. दोघं काय घेताय?"

गुडघ्यांसाठी तीही पुडी खात होती. वहिनीला रडूच फुटलं. तिने पुडी काढून टेबलावर ठेवली.

"टेप आहे ना? यांचा दंड मोजा."

नवऱ्याचं जुनं माप तिला पाठ होतं. गळा फुगला होता आणि दंड वाळला होता.

पुडी तपासून आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्टेरॉइड आहे. ते ताप-सूज दाबतं, भूक वाढवतं, चेहरा-गळा फुगवतं आणि हातपाय वाळवतं. आमचा विषाणू गाठीतल्या थोड्या पेशी फोडतो. त्याने शरीराचे पहारेकरी जागे होतात, खरी लढाई तेच लढतात. कधी ते आमच्या विषाणूलाच आधी संपवतात, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. पण ही पुडी पहारेकऱ्यांनाच झोपवते."

"मग आजच गटारात फेकते!"

"थांबा! एकदम सोडली तर जिवावर बेतेल. शरीराला सवय लागलीय. आता मोजून गोळ्या देऊन हळूहळू उतरवावी लागेल."

लबाडी कळली, तरी सुटका नाही! वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांच्या हॉलमध्ये तिने न बोलावता टेप काढली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याचा दंड मोजला. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"अश्रद्धेने दंड वाळला!" बाबा कडाडले.

"असेल. पण बाबा, इतक्यांचे ताप गिळलेत, तुमचं कपाळ गार कसं?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. दिराने स्वतःचे गुबगुबीत गाल चाचपले. तो दम्यासाठी पुडी घ्यायचा. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "माझी कशी सोडायची?"

"मनानं सोडू नका, भाऊजी. दवाखान्यात चला."

वाटेत नवऱ्याने विचारलं, "गाठ जाईल ना गं?"

"ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईही तेच म्हणतात."

लोकहो, आराम पडला की हात जोडण्याआधी विचारा, कशाने पडला? साऱ्या दुखण्यांवर एकच पुडी देणाऱ्याला तर दोनदा विचारा. वहिनीने विचारायला उशीर केला. तोवर टोचलेल्या सुया वाया गेल्या, आणि त्या कुठलीच टेप परत मोजून देणार नाही.